टाईल फोडण्याआधी: सिंक तुंबलंय आणि ड्राय बाल्कनीतून पाणी वर येतंय

पुण्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. सात मजली इमारत, त्या तिसऱ्या मजल्यावर. दोन महिने किचनचं सिंक सावकाश उतरत होतं, आता जवळजवळ उतरतच नाही. वॉशिंग मशीननं पाणी सोडलं की ड्राय बाल्कनीच्या जाळीतून फेस वर येतो आणि पाठोपाठ सिंकच्या भोकातून काळं पाणी डोकावतं. बाथरूम आणि संडास व्यवस्थित आहेत. दुकानात मिळणारी ड्रेनची पावडर दोनदा टाकून झाली, खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर झालं. एक प्लंबर येऊन गेला, त्यानं पाच मिनिटांत सांगितलं की पाईप आत बसलाय, म्हणजे खचलाय, बाल्कनीची फरशी फोडावी लागेल, अठरा हजार. "फोडू का?" असं त्या विचारतात.

ताई, इतक्यात नको. पंचवीसेक वर्षं मी हेच काम करतोय आणि सुरुवातीच्या काळात मीही लोकांच्या फरशा फोडल्या आहेत. त्यातल्या निम्म्या तरी फोडायची गरज नव्हती, हे आता कळतं. फोडलेल्या फरशीखाली पाईप धडधाकट निघायचा आणि चोकअप दोन फूट पुढे, जिथे पाईपात फिरवत घालायची लांब स्प्रिंग सहज पोचली असती तिथे. मग गिऱ्हाइकासमोर चेहरा गंभीर ठेवून नवा पाईप टाकून द्यायचा. चूक माझी, खर्च त्यांचा.

तुमच्या प्रश्नातच अर्धं निदान आहे. सिंक आणि मशीन दोघांना त्रास, बाथरूमला नाही. तुमच्यासारख्या इमारतींत किचनची आणि संडास-बाथरूमची उभी लाईन बहुधा वेगळी असते, वेगवेगळ्या डक्टमध्ये, म्हणजे पाईपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीत. सिंकचं पाणी खालच्या लवचिक पाईपातून भिंतीत जातं, तिथून ड्राय बाल्कनीच्या नहाणी ट्रॅपला, म्हणजे जाळीखालच्या भांड्याला, किंवा त्याच्या पुढच्या आडव्या पाईपाला मिळतं, आणि मग डक्टमधल्या उभ्या लाईनला. मशीनचं पाणी सिंकमध्ये येतंय याचा अर्थ अडथळा या दोघांची भेट होते त्याच्या पुढे आहे. सिंकखालचा पाईप बहुतेक निर्दोष आहे. तुम्ही जे काही सिंकमध्ये ओतलंत ते साचलेल्या पाण्यात विरघळून पडून राहिलं. खरा अडथळा तिथून दोन-तीन मीटर पुढे बसलाय, त्याच्यापर्यंत फार थोडं पोचलं.

उरलेला अर्धा भाग तुम्ही घरबसल्या शोधू शकता, पैसे लागत नाहीत. सकाळी पाण्याची वेळ असते, सगळ्या घरांत धुणं-भांडी चालू असतं, तेव्हा तुमच्याकडे किचन आणि बाल्कनीतला एकही नळ तासभर उघडू नका, मशीन बंद ठेवा. बाल्कनीच्या जाळीवर लक्ष ठेवा. तुम्ही थेंबही न सोडता पाणी वर चढत असेल तर ते वरच्या मजल्यांचं आहे, म्हणजे उभी लाईन तुमच्या खाली कुठेतरी तुंबलीय. पाणी जागच्या जागी राहिलं किंवा हळूहळू उतरलं तर भानगड तुमच्याच आडव्या पाईपात. खालच्या मजल्यावर विचाराच, पण त्यांच्या "आमच्याकडे काही नाही" या उत्तरावर विसंबू नका. उभी लाईन तुंबली की पाणी अडथळ्याच्या वरचं सर्वांत खालचं तोंड शोधतं. अडथळा दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधोमध असेल तर ते तोंड तुमचं. दुसरा मजला कोरडाठाक राहील आणि चौथ्याला पत्ताही लागणार नाही. तळमजल्यावर राहणाऱ्यांचे हाल असतात ते याच कारणानं. अख्ख्या इमारतीचं तेल-तूप त्यांच्या मोरीतून दर्शन देतं.

आता पावडरीबद्दल, कारण पुढचं सगळं काम तुमच्या आणि प्लंबरच्या हातांनी व्हायचंय. त्या पुडीत मुख्यतः कॉस्टिक सोडा असतो, बऱ्याचदा ॲल्युमिनियमचे बारीक कणही. पाणी लागलं की ती तापते आणि चरबीचा साबण करते, केस विरघळवते. तत्त्व बरोबर आहे. बाथरूमच्या जाळीखाली केसांचा थोडा गुंता असेल आणि पाणी हळू का होईना वाहत असेल तर ती उपयोगी पडतेही. पण पूर्ण तुंबलेल्या लाईनीत ती पुढे सरकत नाही. पाणी कमी पडलं तर खाली बसून दगडासारखी घट्ट होते, आणि मग एकाच्या जागी दोन चोकअप. पीव्हीसीला कॉस्टिक फारसं काही करत नाही, पण त्याची उष्णता जॉइंटना मानवत नाही.

माझ्या डाव्या मनगटावर रुपयाच्या नाण्याएवढा एक पांढरा डाग आहे. एका घरी बेसिनखालची बाटली, म्हणजे बॉटल ट्रॅप, उघडायला बसलो होतो. सकाळी पावडर टाकली होती हे कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आटे सुटले आणि आतलं पाणी हातावर आलं. आधी नुसतं बुळबुळीत लागलं, साबणासारखं. तो बुळबुळीतपणा म्हणजे माझीच कातडी विरघळत होती हे अर्ध्या मिनिटानं कळलं. तेव्हापासून दारातून आत जाताना माझा पहिला प्रश्न "काय काय टाकलंय?" हा असतो. तुम्हीही येईल त्याला न विचारता सांगा. स्वतः काही उघडणार असाल तर रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच.

आणि पावडरीवर फरशी पुसायचं ॲसिड कधीही ओतू नका. दोन्ही एकत्र आली की उकळी फुटून तोंडावर उडतं. ॲसिड आणि ब्लीच एकत्र झालं तर क्लोरीन वायू सुटतो, बंद मोरीत तो जिवावर बेततो. बाल्कनीत शहाबादी किंवा कोटा फरशी असेल तर ॲसिड तीही खातं, दोन्ही दगड चुनखडीचेच.

सोडा-व्हिनेगरचं एका वाक्यात सांगतो: फसफसून झाल्यावर खाली उरतं ते एका जवळजवळ निरुपद्रवी क्षाराचं पाणी, त्यानं वास थोडा कमी होतो, लाईन मोकळी होत नाही.

तर कामाला लागू. साचलेलं पाणी मगानं बादलीत काढा आणि संडासात टाका. ड्राय बाल्कनीची जाळी उचला. बऱ्याच घरांत तिच्या खाली झुरळं येऊ नयेत म्हणून आणखी एक वाटीवाली जाळी बसवलेली असते. ती झुरळांपेक्षा पाणीच जास्त अडवते. मशीनमधून येणारा धाग्यांचा लगदा तिच्या कडेला चिकटतो आणि आठवड्याभरात राखाडी लोकरीसारखी टोपी तयार होते. अर्धे चोकअप या वाटीतच संपतात, पण तुमच्याकडे सिंकमध्येही पाणी चढतंय म्हणजे प्रकरण त्यापुढचं आहे. वाटी काढून ठेवा. हातमोजा घालून ट्रॅपच्या भांड्यात हात घाला आणि तळ चाचपा. मला तिथे सर्वांत जास्त काय सापडतं सांगू? दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा. सिंकच्या जाळीतून सहज निसटतो, पाण्यासोबत सरकत जातो आणि वळणावर आडवा बसतो. त्यावर तूप, तुपावर चहाचा चोथा, चोथ्यावर धागे. एवढासा त्रिकोण, नखाएवढा, आणि सगळं घर वेठीला.

ट्रॅप साफ असेल तर रबरी पंप. तो घरोघरी असतो आणि घरोघरी चुकीचा मारला जातो. तुमचा सिंक आणि बाल्कनी एकाच पाईपावर आहेत, त्यामुळे एक तोंड बंद केल्याशिवाय पंपाचा सगळा जोर दुसऱ्या तोंडातून हवेत जातो. सिंकच्या भोकात ओल्या फडक्याचा बोळा घट्ट दाबा, दुसऱ्या माणसाला तो धरून ठेवायला सांगा. दोन भांड्यांचं सिंक असेल तर दोन्ही भोकं. मग ट्रॅपवर पंपाची वाटी पूर्ण बुडेल एवढं पाणी हवं. पहिला दाब हळू, आतली हवा निघून जाऊ दे. त्यानंतर पंधरा-वीस वेळा. सगळे खाली जोर लावतात. खरं काम वर खेचताना होतं. खाली ढकलून अडथळा आणखी घट्ट बसतो, वर ओढला की सुटतो. असे तीन-चार फेरे करून पाणी हललं नाही तर पंप ठेवून द्या.

मग स्प्रिंग. हार्डवेअरच्या दुकानात पाच मीटरची हाताने फिरवायची स्प्रिंग मिळते, तेवढी पुरेल. ट्रॅपच्या बाहेर जाणाऱ्या तोंडात टोक घाला आणि घड्याळाच्या दिशेनं फिरवत फिरवत आत जाऊ द्या. ढकलू नका. ढकललं की ती पाईपातच वेटोळं करून बसते आणि मग स्प्रिंग काढायलाच फरशी फोडायची वेळ येते, हे मी पाहिलेलं आहे. ट्रॅपचं वळण ओलांडताना ती अडेल, तिथे थोडी मागे, पुन्हा फिरवून पुढे. ती आत किती गेली यावर लक्ष ठेवा, दर अर्ध्या मीटरला तिच्यावर चिकटपट्टीची खूण आधीच करून घ्या.

आणि हाताकडे लक्ष द्या. या धंद्यात अडथळा डोळ्यांनी क्वचितच दिसतो, बोटांना मात्र कळतो. चरबीत शिरताना स्प्रिंग जड होते पण थांबत नाही, घट्ट दह्यात रवी फिरवल्यासारखी. केस किंवा धागे असतील तर फिरवताना पीळ साठत जातो आणि सोडलं की मूठ उलटी फिरते. कापड किंवा प्लास्टिक असेल तर एकदा अडते, एकदा सुटते, भरवसा नाही. आणि सिमेंट असेल तर टक्क. प्रत्येक वेळी त्याच जागी, तितक्याच टणकपणे. नव्या फ्लॅटमध्ये किंवा नुकतंच फरशीकाम झालेल्या घरात हे फार. कारागीर संध्याकाळी घमेलं आणि थापी बाल्कनीत धुतो, सांधे भरायचं पांढरं सिमेंट ट्रॅपमध्ये जातं आणि रात्रीत आडव्या पाईपाच्या तळाशी पसरून घट्ट होतं. त्यावर पुढची दोन-तीन वर्षं चरबी साठते आणि मग फोन येतो. तुमच्याकडे गेल्या काही वर्षांत फरशीचं काम झालं असेल तर ते मुद्दाम आठवून बघा.

चरबीचा अडथळा असेल, आणि तुमच्या वर्णनावरून तोच वाटतोय, तर स्प्रिंगनं त्याला नुसतं भोक पडतं. पाणी "घळ्ळ" करून उतरतं, सगळे खूश होतात, प्लंबर पैसे घेऊन जातो आणि दीड महिन्यात पुन्हा तेच. भोक पडल्यावर खरी सफाई सुरू होते. भांड्यांच्या लिक्विडचा अर्धा कप आणि बादलीभर गरम पाणी, हात जेमतेम बुडवता येईल इतकं. उकळतं नको. ड्रेनेजचा पीव्हीसी पाईप साठ अंशांच्या पुढच्या पाण्यासाठी बनवलेला नसतो, ऐंशीच्या आसपास तो मऊच पडायला लागतो. बादली हळूहळू ओतू नका, एकदम उपडी करा. सिंकला बूच लावून ते काठोकाठ भरा आणि बूच ओढा. पाण्याचा पूर्ण लोंढा एका दमात गेला पाहिजे, तोच भिंतीवरची चरबी खरवडतो. हे चार-पाच वेळा, मध्ये पुन्हा स्प्रिंग. शेवटी मशीन नुसत्या पाण्यावर चालवून ते रिकामं करा आणि जाळीजवळ उभं राहून बघा. मशीनचा पंप मिनिटाला पंधरा-वीस लिटरच्या आसपास पाणी फेकतो, लाईन खरंच मोकळी झाली का हे नळाच्या धारेवर कधीच कळत नाही.

तूप आणि डालडा गरम भांड्यातून पातळ होऊन जातात, पाईपात थंडावून थिजतात. त्यामुळे माझे फोन दिवाळीच्या फराळानंतर आणि थंडीत वाढतात. बाथरूममध्ये तेच काम खोबरेल तेल करतं, चोवीस अंशांच्या खाली ते गोठतं आणि पुण्यातल्या डिसेंबरच्या सकाळी पाईप त्याहून गारच असतो. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी असेल तर साबणाचाही चिकट पांढरा थर बसतो, फेस कमी आणि साका जास्त. पण किचनमध्ये माझ्या मते सर्वांत वाईट गोष्ट तेल नाही, कणीक आहे. परातीला चिकटलेलं पीठ, बेसनाचं पाणी, इडलीच्या पिठाचं भांडं. तूप एकटं थिजलं तर गरम पाण्यानं सुटतं, पिठासोबत थिजलं की खळीसारखं बसतं. परात आधी पुसून कोरडं पीठ कचऱ्यात टाकायला भांडी घासायला येणाऱ्या मावशींना सांगा, म्हणजे आधी स्वतः तसं करा. सिंकखाली सुरकुत्यांचा लवचिक पाईप असेल तर तो बदलून आतून गुळगुळीत पाईप घाला, त्या सुरकुत्या म्हणजे चरबीसाठी केलेले कप्पेच.

गणपतीतला एक किस्सा सांगायलाच हवा. पाच दिवसांच्या गणपतीनंतर एका तळमजल्याच्या घरी गेलो. बाथरूममध्ये घोटाभर पाणी. स्प्रिंग आत गेली की लोण्यात गेल्यासारखी जायची, बाहेर काढली की वाट पुन्हा बंद. शेवटी ट्रॅपमधून मूठभर काढलं तर राखाडी, मऊसूत, वासही नाही. शाडू. घरीच बादलीत विसर्जन केलं होतं, उत्तम गोष्ट आहे, पण दोन दिवसांनी ती बादली मोरीत रिकामी केली होती. शाडू इतका बारीक असतो की पाण्यासोबत सगळीकडे जातो आणि पाणी थांबलं की सगळीकडे बसतो. कॉस्टिक, ॲसिड, काहीही त्याचं वाकडं करत नाही, ती माती आहे. बाहेरच्या चेंबरमधून उलट दिशेनं पाण्याचा मारा करून तीन तासांत लाईन सुटली. आजींनी मला चहा दिला आणि म्हणाल्या, "बाप्पाला जायचंच नव्हतं." पीओपीच्या मूर्तीसाठी पुणे महापालिका अमोनियम बायकार्बोनेट देत आली आहे, इथल्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं काढलेली पद्धत. त्यातही बादलीच्या तळाशी चुनखडीचा साका उरतो. वरचं पाणी पातळ करून झाडांना चालतं. साका मोरीत नको, शाडूची माती तर कुंडीतच.

आता समजा सकाळच्या परीक्षेत उभी लाईनच दोषी निघाली. मग हे काम तुमचं एकट्याचं नाही. सामाईक ड्रेनेज लाईनची देखभाल सोसायटीनं करायची, सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे नियमावलीत, ते आहे, तेव्हा अर्ज सेक्रेटरींकडे. डक्टमध्ये उभ्या पाईपाला जागोजागी झाकणाचं तोंड असतं, आम्ही त्याला डोअर म्हणतो. ते उघडताना वरच्या सगळ्या मजल्यांना पाणी बंद ठेवायला सांगायचं आणि झाकणाच्या समोर उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. वरच्या मजल्यांचं साठलेलं पाणी आत उभं असतं. खाली पहिलं चेंबर उघडून बघितलं तर आणखी खुलासा होतो: ते कोरडं असेल तर अडथळा उभ्या पाईपात किंवा त्याच्या पायथ्याच्या वळणात, भरलेलं असेल तर रस्त्याच्या बाजूला.

आणि चेंबर भरलं म्हणून कुणी "एक पोरगा उतरवतो, पाचशे द्या" म्हणाला तर त्याला तिथूनच परत पाठवा. २०१३च्या कायद्यानं संरक्षक साधनांशिवाय माणसाकडून गटार किंवा सेप्टिक टँक साफ करून घेणं गुन्हा आहे, आणि ज्यानं काम दिलं तोही त्यात दोषी ठरतो. गटारातल्या मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली १० लाखांची भरपाई ठरवली होती, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाखांवर नेली. पण मी हे कायद्याच्या भीतीनं सांगत नाही. साचलेल्या मैल्यातला हायड्रोजन सल्फाईड आधी सडक्या अंड्यासारखा येतो, प्रमाण वाढलं की नाकाला वासच कळेनासा होतो. आत गेलेल्याला वाटतं वास गेला. जेटिंगची, म्हणजे जोरात पाण्याचा मारा करणारी, गाडी बोलवा, ती वरून काम करते. बांबूच्या कामट्या वापरायच्या तरी त्या वरूनच.

मग फरशी कधी फोडायची? माझ्या हिशेबी तीनच वेळा. स्प्रिंग एकाच जागी टक्क लागते आणि ट्रॅप व डक्ट, दोन्हीकडून मोजलेलं अंतर एकाच बिंदूवर येतं. किंवा पाईप खरंच खचलाय, म्हणजे साफ केल्यावरही पाणी आडव्या पाईपात उभं राहतं. चार इंची पाईपाला मीटरमागे साधारण अडीच सेंटीमीटर उतार लागतो, तो उलटा झाला असेल तर कितीही साफ करा, महिन्याभरात तेच. किंवा खालच्यांच्या छतावर ओल उतरलीय. यातलं काहीही असलं तरी फोडण्याआधी पाईपात कॅमेरा घालून बघायला सांगा, हल्ली पुण्यात ती सोय सहज मिळते. तुमचा आडवा पाईप खालच्या घराच्या छताखालून लटकत गेला असेल तर तुमची फरशी फोडायचा प्रश्नच येत नाही. काम त्यांच्या बाल्कनीतून होईल, त्यांच्याशी गोड बोलावं लागेल एवढंच.

त्या प्लंबरला खोटा ठरवायची घाई मला नाही, पण पाच मिनिटांत, स्प्रिंग न घालता, पाईप बसलाय हे त्याला कसं कळलं हा प्रश्न मात्र विचारा. रविवारी सकाळी पाण्याची ती परीक्षा करा, मग स्प्रिंग घाला. ती किती मीटरवर अडली आणि हाताला कशी लागली, दह्यासारखी की टक्क, एवढं कळवा. पुढचं त्यावर सांगतो.